आंबिलीतला मासा

ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात. त्याला कडू घास म्हणतात. उमरग्यात आमच्या गल्लीत हा घास काशाक्का न्यायच्या. पहिली भाकरी त्या काही न बोलता वाढत. दुसरी मागितली, की टोपली पदराखाली सरकवून विचारत, “लहानपणी कसं हुतं हे माणूस? सांगा की कुणीतरी.” कुणी सांगितलं नाही, तर स्वतः सांगत. ऐकून घरातलं एक तरी माणूस हसलं, की टोपली पदराबाहेर येई.

हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला होता. तो लिंगायतांत नाही, मराठ्यांत नाही, मुसलमानांत नाही. पण गल्लीत या सगळ्यांची घरं होती आणि सगळ्यांनी तो मुकाट्यानं पाळला, कारण भूक लागलेली असे आणि टोपली काशाक्कांच्या ताब्यात असे.

त्या स्वतः गेल्या वर्षी हैदराबादला लेकाच्या फ्लॅटवर वारल्या. तिथं जेवण बाहेरून मागवलं होतं. भात, वरण, दोन भाज्या. ज्याला हवं तेवढं त्यानं वाढून घेतलं, कुणी कुणाला अडवलं नाही, असं लेकानं मला फोनवर सांगितलं. सांगताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

काशाक्का उंच आणि वाळक्या होत्या. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, अंगावर इरकली लुगडं. त्यांचं घर हमरस्त्याच्या मागच्या गल्लीत होतं. सोलापूरहून हैदराबादकडं जाणारे ट्रक दिवसभर हॉर्न देत जायचे. बोलता बोलता हॉर्न आला, तर दुसरी माणसं थांबतात. काशाक्का आवाज चढवत. हॉर्न संपला तरी चढलेला आवाज लगेच उतरत नसे, त्यामुळे त्यांनी कुणाच्या कानात सांगितलेली गोष्टही गल्लीच्या टोकापर्यंत पोचायची.

दुसऱ्या कुणाच्या भाकरीला त्यांनी कधी चांगलं म्हटल्याची नोंद नाही. “बरी हाय, भूक आसल्यावर,” हे त्यांचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं. माझ्या आईला ते एकदा मिळालं होतं. आईनं ते बरेच दिवस पाहुण्यांना सांगितलं.

रडण्याला त्यांची हरकत नव्हती. “रडा की,” त्या म्हणत, “पर रडायला बी पोटात काय पायजे.” हसण्याचा आग्रह कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माणूस मेलं की समदे म्हाताऱ्यालाच रडत्यात. फोटू बी म्हाताऱ्याचाच लावत्यात. मग ते पोरगं कुठं गेलं? त्याला कुणी इचारायचं न्हाय व्हय?” एवढं बोलून त्यांनी एक खडा अंगणात भिरकावला. तो माझ्या सायकलला लागला.

माझे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. इस्त्री केलेल्या सदऱ्याशिवाय ते अंगणातसुद्धा आले नाहीत. ते गेले त्या दिवशी काशाक्का टोपली घेऊन आल्या. पहिली भाकरी झाली. माझ्या काकांनी दुसरीसाठी ताट पुढं केलं. टोपली पदराखाली गेली.

“ह्यो इस्त्रीचा माणूस,” काशाक्कांनी वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट केलं, “तंबूतल्या सिनेमाला ज्वारीचं पोतं नेसून आल्ता.”

वडिलांना लहानपणी एकच चड्डी होती. ती आजीनं धुऊन वाळत टाकली आणि त्याच दिवशी तंबूचा मुक्काम हलणार असल्याचं कळलं. मग वडिलांनी पोतं गुंडाळलं, कमरेला सुंभ बांधला आणि पडद्यासमोर मातीत जाऊन बसले. पोत्यात ज्वारीची कूस होती. ती टोचायला लागली. “खाजवतंय आन् बघतंय, बघतंय आन् खाजवतंय. मारामारी सुरू झाली तवा हे पोरगं जोशात उठून हुबं ऱ्हायलं. सुंभ सुटला. पडद्यावर लई भारी मारामारी चालल्याली, पर बघतंय कोण तिकडं?”

आई सकाळपासून एक शब्दही बोलली नव्हती. ती म्हणाली, “म्हणूनच.” सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. “म्हणूनच मला जन्मात कधी सिनेमाला नेलं नाही.” आणि ती तोंडाला पदर लावून हसली. काशाक्कांनी दुसरी भाकरी काकांना दिली नाही. आईच्या ताटात वाढली.

ही हकिकत कितपत खरी, हे सांगता येत नाही. मी पुढं बातमीदार झालो आणि या धंद्यात आधी दोन ठिकाणी विचारायचं आणि मग लिहायचं अशी सवय लागते. काशाक्कांच्या गोष्टींना ही चाळणी लावली असती, तर निम्म्याच उरल्या असत्या. छत्री उघडून विहिरीत उडी मारणारा मुलगा मी त्यांच्याकडून दोन वेगवेगळ्या घरांत ऐकला. दोन्ही वेळा मयताचं नाव वेगळं होतं. मी ते लक्षात आणून दिलं.

“दोघांनी बी मारली आसंल की,” त्या म्हणाल्या. “इहिरीत उडी न मारलेलं पोरगं हाय का उमरग्यात?”

“पण छत्री?”

“छत्री गल्लीत एकच हुती. आळीपाळीनं न्यायचे.”

मोठी चूक त्यांच्या हातून एकदाच झाली. किराणा दुकानवाल्या दोन भावांतले धाकटे संगाप्पा गेले होते. लहानपणी त्यांनी वडिलांचं नवं धोतर कुल्फीवाल्याला देऊन त्याच्या बदल्यात गाडीवरची सगळी कुल्फी कशी खाल्ली, हे काशाक्का रंगवून सांगत होत्या. थोरले मलकाप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. कुल्फी संपत आली, तेव्हा ते खाकरले.

“अक्का, ते संगा नव्हता. म्या हुतो.”

काशाक्का थांबल्या.

“आन् म्या हाय आजून,” मलकाप्पा म्हणाले.

दुसरं कुणीही ओशाळलं असतं. काशाक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग ऐकून घ्या आत्ताच. तुमच्या येळंला तुमाला कुठं ऐकू येणार हाय?”

संगाप्पांचे मुलगे हसले, सुना हसल्या, शेवटी मलकाप्पाही हसले आणि दुसरी भाकरी त्यांनीच मागितली. त्यानंतर गल्लीतली वयस्कर माणसं सावध झाली. आपल्यासाठी काशाक्कांनी कोणती गोष्ट राखून ठेवली आहे, याची ती आधीच चौकशी करू लागली. एका निवृत्त गुरुजींनी तर, ती बैलगाडीची नको, दुसरी एखादी घ्या, अशी विनंती केली. “बगू,” काशाक्का म्हणाल्या. “वागणूक कशी ऱ्हाती तुमची, त्यावर हाय.” गुरुजी पुढं बरीच वर्षं त्यांना रस्त्यात आधी नमस्कार करत असत.

त्यांचे यजमान वारले, तेव्हा कडू घास शेजारच्या जुबेदाबींनी आणला. काशाक्कांनी पहिली भाकरी खाल्ली आणि ताट सारलं. गल्लीतल्या बायकांनी आग्रह केला. “ह्यांचं ल्हानपण मला ठावं न्हाय,” त्या म्हणाल्या. “म्या लग्नानंतरची. इथं कुणाला ठावं हाय?” कुणालाच नव्हतं. यजमान नळदुर्गचे, लग्नानंतर उमरग्यात येऊन राहिलेले. तेव्हा काशाक्का तशाच बसून राहिल्या, नळदुर्गहून नणंद एसटीनं येईपर्यंत. नणंद आली, गळ्यात पडून रडली. तिचं रडणं ओसरल्यावर काशाक्कांनी विचारलं, “वन्सं, हे किल्ल्यातल्या पाण्यात सूर मारायचे म्हणं?”

“कोण, दादा?” नणंदेनं डोळे पुसले. “बंधाऱ्याचं पाणी अंगावर उडालं तरी माझ्या मागं लपायचा.”

काशाक्का आधी हसल्या, मग रडल्या, मग जेवल्या.

आता जुबेदाबींविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून काशाक्कांचं चित्र पुरं होत नाही. दोघी एका वयाच्या, एकाच गल्लीत जन्मलेल्या. लग्नानंतर दोघींची घरंही भिंतीला भिंत लागून आली. जुबेदाबींच्या यजमानांचं हमरस्त्यावर पंक्चर काढायचं दुकान होतं, ते पुढं मुलगा इक्बाल चालवू लागला. जुबेदाबी बुटक्या, गोऱ्या आणि सावकाश बोलणाऱ्या. गल्लीत काशाक्कांना एकेरी हाक मारण्याची हिंमत त्यांच्या एकटीत होती. त्या “काशे” म्हणत. काशाक्का “जुबी” म्हणत. दोघींमध्ये एक भांडण होतं. ते माझ्या आठवणीच्या आधीपासून चालू होतं.

भांडण वेळा अमावास्येचं होतं. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याच्या खोपीत पूजा होते. जात-धर्म न पाहता जो भेटेल त्याला पंगतीला बसवतात. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील असते, ती मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात नेतात. काशाक्का आणि जुबेदाबी लहान असताना एका येळवशीला हे बिंदगं त्यांच्याकडं दिलं गेलं. वाटेत दोघींना तहान लागली. दोघींनी आंबील प्यायली. चांगली झाली होती म्हणून आणखी प्यायली. बिंदगं निम्म्यावर आलं, तेव्हा ओढ्याचं पाणी घालून ते पुन्हा भरलं आणि शेतात नेलं. काशाक्कांच्या आज्ज्यानं पहिली वाटी तोंडाला लावली, घोट घेतला, मिशी पुसली आणि दुसरी वाटी मागितली.

इथपर्यंत दोघींचं एकमत होतं. मतभेद माशाविषयी होता.

जुबेदाबींचं म्हणणं असं, की काशीनं बिंदगं सरळ ओढ्यात बुडवलं, त्यातून एक मासा आत आला आणि तो पहिल्याच वाटीतून आज्ज्याच्या पोटात गेला. काशाक्कांचं म्हणणं असं, की पाणी ओंजळीनं घातलं, ते निवळ होतं आणि मासा हा जुबीच्या डोक्यातला किडा आहे. वाद क्षुल्लक नव्हता. काशाक्कांचा आज्जा गळ्यात लिंग बांधणारा, अंड्याचं नुसतं नाव कानावर आलं तरी चूळ भरणारा माणूस होता. त्याला नातीनं स्वतःच्या हातानं मासा पाजला, ही गोष्ट काशाक्का मान्य करणं शक्य नव्हतं.

“माझ्या आज्ज्याच्या तोंडात मासा घालती व्हय गं?”

“म्या कशाला घालू? तूच घातलीस. म्या नुसती बघत हुते.”

“दिसला तर सांगितलं का न्हाईस मग तवाच?”

“आज्जा खुश दिसला, म्हून गप बसले.”

हा संवाद मी असंख्य वेळा ऐकला आहे. काशाक्का गोष्ट सांगत आणि “आज्ज्यानं दुसरी वाटी मागितली” या वाक्यापाशी श्वास घेत. त्या श्वासात जुबेदाबी नेमक्या विचारत, “आन् मासा?” लग्नात, बारशात, नळावर, एकदा तर दवाखान्यात, काशाक्कांना सलाइन चालू असताना. साक्षीदार दोनच, दोघींच्या जबान्या वेगळ्या आणि तिसरं कुणी हयात नाही. बातमी म्हणून ती छापता आली नसती.

म्हातारपणी या वादाला मुदत पडली. दोघींनाही कळून चुकलं होतं, की जी मागं राहील तिची गोष्ट खरी ठरणार. त्या हे ओट्यावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत.

“तू आदी गेलीस ना जुबी, तर तुझा मासा संपला. म्या तुझ्याच घरात बसून सांगणार.”

“आन् तू आदी गेलीस तर?” जुबेदाबी सुपारी कातरत म्हणत. “तुझ्या आज्ज्याला आख्ख्या उमरग्याम्होरं मासा खायला लावते का न्हाय बघ.”

“म्या न्हाय जात आदी.”

“नक्को जाऊ. कोण ढकलतंय?”

जुबेदाबी आधी गेल्या. थंडीचे दिवस होते. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. आम्ही पुरुष माणसं परत येऊन अंगणात बसलो. ओसरीवर बायका होत्या, त्यांत आळंदहून आलेल्या जुबेदाबींच्या नात्यातल्या काही जणी. काशाक्का टोपली घेऊन दोन्ही घरांमधल्या दारानं आल्या. त्यांनी पहिली भाकरी सगळ्यांना वाढली. इक्बालला वाढली, त्याची बायको नसरीन हिला वाढली. नसरीन एका दवाखान्यात नर्स होती. कामापुरतंच बोलणारी म्हणून गल्लीत प्रसिद्ध. सासूच्या आणि काशाक्कांच्या भांडणात ती कधी पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दुसरी भाकरी कुणी मागेना. तेव्हा इक्बालनंच म्हटलं, “अक्का, सांगा की.”

काशाक्कांनी सांगायला सुरुवात केली. बिंदगं, वाट, तहान, ओढा. नेहमीपेक्षा हळू आवाजात. पाणी ओंजळीनं घातलं, हे त्यांनी ठासून सांगितलं. आज्ज्यानं मिशी पुसली. दुसरी वाटी मागितली. आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या.

कुणी काही बोललं नाही.

काशाक्कांनी ओसरीवरून नजर फिरवली. “पाण्यात काय बी नव्हतं,” त्या म्हणाल्या. “निवळ पाणी हुतं.”

इक्बालनं मान खाली घातली आणि अदबीनं म्हणाला, “हौ अक्का.”

वाद मिटला होता. काशाक्का मागं राहिल्या होत्या, त्यांनी जुबेदाबींच्याच घरात बसून सांगितलं होतं आणि खुद्द जुबेदाबींच्या मुलानं ते कबूल केलं होतं. पण काशाक्कांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा दिसेना. हातातली भाकरी त्यांनी परत टोपलीत टाकली.

“हौ काय हौ?” त्या एकदम ओरडल्या. बाहेर हॉर्न वगैरे काही वाजत नव्हता. “तुझी आई कवा हौ म्हणली हुती का मला? बोला की रं कुणीतरी! मुकी झाली का समदी?”

आळंदच्या बायका दचकल्या. तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यातून नसरीन म्हणाली, “मासा हुता, अक्का.”

काशाक्का वळल्या. “तू हुतीस तिथं?”

“अम्मी हुत्या.”

“तुझी अम्मी एक नंबरची खोटारडी हुती.”

त्या घरातून मयत उचलून दोन तास झाले नव्हते. आळंदच्या एका बाईनं कानावर हात ठेवले. नसरीन हलली नाही. “आसंल,” ती म्हणाली. “पर बिंदगं तुमी ओढ्यात बुडवलंत. ओंजळीनं भरत बसला असता, तर दिवस बुडाला असता. अम्मी म्हणायच्या.”

“कवा म्हणायची?”

“रोज. चपात्या लाटताना. मला पाठ झालंय.”

काशाक्का टोपली ओढत तिच्यासमोर जाऊन बसल्या. गुडघा दुखत होता, तो दोन्ही हातांनी उचलून त्यांनी नीट ठेवला. “आनखी काय म्हणायची?”

“बिंदगं उचलताना तुमी पाय घसरून पडलात. परकर भिजला. घरी सांगितलं, जुबीनं ढकललं.”

“ढकललंच हुतं!”

“अम्मी तर म्हणायच्या, म्या काशीला हात दिला.”

“हात दिला? तिनं?” काशाक्कांचा आवाज आता पूर्ववत झाला होता, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल इतका. “हसत बसली हुती काठावर. हात देती!”

इक्बाल हसला. हसता हसता त्यानं बाही डोळ्यांना लावली. ओसरीवर दोन-तीन बायका हसल्या. आळंदच्या बाईनं कानावरचे हात काढले आणि ऐकू लागली.

“आन् मासा,” काशाक्का म्हणाल्या, “केवढा म्हणायची गं ती?”

नसरीननं तर्जनी उभी धरली. “बोटाएवढा.”

“बोटाएवढा!” काशाक्कांनी कपाळावर हात मारला. “बोटाएवढा असता, तर आज्ज्याला घशात कळला नसता व्हय? काय बी सांगायची जुबी!” त्यांनी पदराला हात पुसला, अंगठा आणि तर्जनी जवळ आणली आणि नसरीनच्या डोळ्यांसमोर धरली. दोन्हींमध्ये जेमतेम ज्वारीचे दोन दाणे मावले असते.

“एवढा,” त्या म्हणाल्या. “एवढाच हुता.”

काशाक्कांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. तोंडून काय निघून गेलं, हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं. हात खाली घेता आला असता. त्यांनी घेतला नाही.

थोड्या वेळानं मी उठलो. आतल्या खोलीत कुराण वाचत बसलेल्या बायका काय झालं म्हणून बाहेर येत होत्या आणि काशाक्का एकेकीला चिमूट दाखवत होत्या. “एवढुसा. जुबी वाढवून सांगायची.” दारातून मागं पाहिलं, तेव्हा नसरीन त्यांचा हात धरून बोटांतलं अंतर वाढवू पाहत होती आणि काशाक्का ते सर्व बळ लावून कमी करत होत्या.